दीड इंच कोरा कागद

माझ्या दुकानात जिवंत माणसांपेक्षा फोटोतली माणसं जास्त येतात. कुणाचे वडील, कुणाची सासू, कुणाचं लग्न, कुणाच्या मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र. गुजरातेतल्या आमच्या कापडाच्या शहरात पर्वत पाटियाच्या चौकातून आत वळलं की साड्यांच्या गोडाऊनच्या ओळीत आमचं फ्रेमचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं मी तिथं पट्ट्या कापल्या, कोन जुळवले, खिळे ठोकले. आता कंबर साथ देत नाही म्हणून दुकान लेकीच्या हाती दिलंय. तरी दुपारी जाऊन बसतेच.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणणाऱ्या गृहस्थांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, मी फ्रेम करते, चित्रं काढत नाही. दुसरी, मी एकदा एका माणसाचं चित्र कापलं होतं. ते म्हणाले, दुसरी लिहा.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगते. माझा नवरा पांडेसऱ्यात रंगाच्या कारखान्यात होता. त्याच्या छातीनं दगा दिला तेव्हा मी हसमुखकाकांच्या या दुकानात फ्रेमच्या पाठीला कागद चिकटवायच्या कामाला लागले. काका गुजराती, तोंडाचे फटकळ, पण शिकवताना हातचं राखायचे नाहीत. काच कापायची हिरकणी माझ्या हातात देऊन ते म्हणाले होते की काच कापायची नसते, तिला फक्त रेघ दाखवायची, ती आपणहून तुटते. पुढं काका थकले आणि दुकान मला चालवायला देऊन गेले. त्यानंतर बरीच वर्षं गिऱ्हाईक आत येऊन माझ्याकडं बघत विचारायचं, "बेन, मालक क्यां छे?" बाई, मालक कुठं आहेत?

फ्रेम म्हणजे चार पट्ट्या. पट्टीला आतून खाच असते. त्या खाचेत आधी काच, मग चित्र, मग मागचा पुठ्ठा बसतो आणि वरून बारीक खिळे. मापाची फ्रेम करायला वेळ लागतो. घाईच्या गिऱ्हाइकाला तयार फ्रेम देतात, तिची मापं ठरलेली. चित्र मापात बसत नसेल तर कडेनं थोडं कापायचं. आमच्या धंद्यात हे कुणी पाप मानत नाही. एका नवरीच्या सांगण्यावरून मी तिच्या लग्नाच्या फोटोतून तिचा दीर कापून काढला होता. दोन वर्षांनी ती परत आली आणि दीर पुन्हा लावता येईल का, असं विचारायला लागली. तेव्हा मी खूप हसले होते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण चालू होता, गणपतीच्या आधीची गर्दी होती. सोमवारी दुपारी साडीच्या खोक्याच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये कागद धरून एक म्हातारे गृहस्थ आले. जयभीम म्हणाले. लिंबायतचे नाना बिऱ्हाडे. मूळचे शिरपूरकडचे. त्यांची नात प्रणाली नर्सिंग शिकायला बडोद्याला निघाली होती, रविवारच्या गाडीनं. तिला हे चित्र द्यायचं होतं. साधी काळी पट्टी लावा, एवढंच सांगून ते गेले.

चित्र पेन्सिलीनं काढलेलं होतं. कुठल्याशा गच्चीवरून दिसणारी पत्र्याची छपरं, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, लांब पांडेसऱ्याची धुराडी. हे सगळं कागदाच्या खालच्या भागात आणि डावीकडं. वर नुसतं आभाळ, उजवीकडं कोरा कागद. त्या कोऱ्या भागात खालून वर गेलेली एक तिरकी, बारीक रेघ. मला वाटलं पट्टी सरकली असेल. खरं सांगायचं तर मला चित्र अर्धवट वाटलं. म्हातारा माणूस, कंटाळला असेल, असं मनात म्हटलं.

माप घेतलं. कागद साडेसोळा इंच लांब, आणि भिंतीवर पंधरा इंची काळी तयार फ्रेम टांगलेली. उजवीकडचा दीड इंच रिकामाच होता. मी पट्टी ठेवली आणि सुरी फिरवली. अर्धा मिनिटही लागलं नाही.

बुधवारी नाना चित्र न्यायला आले. त्यांनी फ्रेम डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि मान डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवली. दाराच्या फटीतून आतली खोली बघावी तसे ते बघत होते. उजव्या कडेला आल्यावर त्यांची मान थांबली. मग त्यांनी बोट काचेवर ठेवून कडेनं खालून वर नेलं.

"ताई, चित्र इथं संपत नव्हतं," ते म्हणाले.

मी मापाचं सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. कापलेला तुकडा आहे का, असं विचारलं. मी कोपऱ्यात रद्दीचं पोतं बघायला वळले, तर ते सकाळीच भंगारवाल्यानं नेलं होतं. नाना असू द्या म्हणाले, फ्रेम काखेत धरली आणि निघाले. दुकानाची पायरी उतरताना त्यांनी आधी पायानं चाचपून पाहिली. काकांची बोलणी मी पुष्कळ खाल्ली आहेत. पण त्या असू द्या-नं मला दुकानात बसवेना.

संध्याकाळी शटर ओढलं आणि रिक्षा करून लिंबायत गाठलं. बिऱ्हाड्यांचं घर गल्लीच्या टोकाला, खालच्या मजल्यावर मागांचा खडखडाट. सुनेनं चहा केला. प्रणाली हॉस्टेलचं सामान आणायला बाजारात गेली होती. नाना मला गच्चीवर घेऊन गेले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी फ्रेम कठड्यावर उभी केली, मला एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, आधी बघा, मग बोला.

मी बघितलं. तीच छपरं, त्याच टाक्या, तीच धुराडी.

नानांनी चौतीस वर्षं एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे साड्या छापायच्या कारखान्यात, ट्रेसिंग केलं होतं. साडीवरच्या फुलाला सहा रंग असले की तेच फूल सहा फिल्मवर सहा वेळा उतरवायचं, एकेक रंग वेगळा. रेघ सगळीकडं सारख्या जाडीची हवी, कुठं थरथरलेली चालायची नाही, कारण ती रेघ त्यांची नव्हतीच. मग कॉम्प्युटर आले आणि नाना घरी बसले. घरी बसल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची रेघ मिळाली, हवी तिथं दाबायची, हवी तिथं सोडायची.

चित्र कसं बघायचं हे त्यांनी त्या संध्याकाळी मला सांगितलं. खालच्या डाव्या कोपऱ्यातली टाकी बघा, म्हणाले. तिथं पेन्सिल इतकी दाबलीय की कागदाच्या मागं उमटलीय. म्हणून डोळा आधी तिथं जातो. तिथून छपरांच्या रेघा धरून पुढं चला, सगळ्या उजवीकडं कललेल्या आहेत. मग धुराडी. ती उभी आहेत म्हणून डोळा तिथं जरा थांबतो. क्षितिज एवढं खाली का घेतलं? गल्लीत उभं राहिलं की आभाळ दिसतच नाही, गच्चीवर आलं की आभाळाशिवाय काही दिसत नाही, म्हणून. धुराड्यांजवळ थांबलेला डोळा मग वर आणि उजवीकडं मोकळ्यात जातो. तिथं त्याला ती तिरकी रेघ भेटते.

"ती कसली रेघ होती?" मी विचारलं.

ती पतंगाची दोरी होती. उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा दिवस होता, आभाळात शेकड्यानं पतंग होते, नानांनी त्यातला एकही काढला नव्हता. फक्त एक दोरी काढली, शेजारी उभी राहून प्रणाली उडवत होती तिची. पतंग काढला असता तर लोक पतंगच बघत बसले असते, ते म्हणाले. दोरी लांब जाईल तशी फिकट होत जाते, पण त्यांनी ती वर जाताना गडद केली होती, कारण ताण वर असतो आणि तो हाताला कळतो.

मी फ्रेमकडं बघितलं. छपरं उजवीकडं कललेली होती आणि काळ्या पट्टीवर जाऊन आपटत होती. चित्र एका बाजूला कलंडलं होतं. दुकानात मला अर्धवट वाटलेलं चित्र तेव्हा पूर्ण होतं, मी ते अर्धवट केलं होतं.

दुसरं काढता येईल का, हे मी भीत भीतच विचारलं. तेव्हा त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. काचबिंदू. त्यात कडेचं दिसणं आधी जातं, माणूस नळीतून बघावं तसं बघायला लागतो. हे चित्र त्यांनी उत्तरायणानंतर तीन महिने बसून, कागद थोडा थोडा सरकवत पुरं केलं होतं. त्यानंतर डोळे आणखी उतरले.

"डोळ्यांची कड गेली, ताई," ते म्हणाले. "म्हणून कागदाची कड मी फार जपली होती."

मी उठले. जिना उतरताना एका पायरीवर थांबले, कारण मला एकदम आठवलं की तो तुकडा पोत्यात गेलाच नव्हता. कागद जाड होता. चित्र खाचेत सैल बसलं की आम्ही फटीत जाड कागदाची घडी दाबतो, म्हणजे ते हलत नाही. त्या सोमवारी संध्याकाळी मी दोन फ्रेमा पूर्ण केल्या होत्या आणि दोन्हींत अशी घडी घातली होती. एकीत तो दीड इंच असणार होता.

गुरुवारी मी चिमटा आणि हातोडी पिशवीत टाकून निघाले. पहिली फ्रेम कापड मार्केटातल्या एका व्यापाऱ्याकडं होती. त्याच्या सत्काराचा फोटो, गळ्यात शाल, हातात नारळ. गादीच्या वरच लावलेला. फ्रेम उघडायची म्हटल्यावर तो आधी घाबरला, मग दोन कामगारांना हाक मारून फोटो उतरवायला लावला. आत मिठाईच्या खोक्याचा तुकडा निघाला. मी खिळे परत ठोकले. आलाच आहात तर काच पुसून जा, असं त्यानं सांगितलं आणि मी पुसली.

दुसरी फ्रेम सोनाबाईंची. या बाई ऐंशीच्या घरातल्या, नानांच्याच मागच्या गल्लीत राहणाऱ्या. त्यांनी स्वतःचाच फोटो फ्रेम करून घेतला होता. मुलांवर त्यांचा भरवसा नव्हता. आपण गेल्यावर पोरं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावतील, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून नवं लुगडं नेसून, स्टुडिओत जाऊन, हसून फोटो काढला आणि फ्रेम करून ट्रंकेत ठेवला.

मी झालेलं सगळं सांगितलं. सोनाबाईंनी एकच विचारलं, त्या माणसाला ते बघायला डोळे उरलेत का. मी म्हटलं, थोडे. त्यांनी ट्रंक उघडून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम माझ्यासमोर ठेवली. मी खिळे काढले. खालच्या फटीत तो तुकडा होता, दुमडलेला, पेन्सिलीची बाजू आत. उघडला तर दोरी जशीच्या तशी होती, फक्त मधून घडीची खूण गेली होती. आता तुमचा फोटो सैल झाला, उद्या येऊन बसवून देते, असं मी म्हणाले.

"माले काय घाई नही," सोनाबाई म्हणाल्या. "पहिले त्यानं काम कर." नानांचं काम आधी, असं सांगून त्यांनी फोटो परत ट्रंकेत ठेवला.

तिथूनच नानांकडं जाऊन चित्र परत घेतलं आणि दुकानात आले. चित्र जोडायला सेलोटेप वापरली तर ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. मी मैद्याची पातळ खळ केली, मागून पातळ कागदाची पट्टी लावली, दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना टेकवल्या आणि वर काचेच्या जड तावांचं वजन ठेवलं. शुक्रवारी काच उचलली तेव्हा चित्र सलग होतं, पण जोड दिसत होता. पेन्सिलीनं तो थोडा झाकता येईल, असं मी नानांना फोनवर सुचवलं. ते नको म्हणाले. कापलंय ते दिसू द्या.

मग मी मापाची फ्रेम केली. कागदाची चारही बाजूंची कड मोकळी राहील असा मागं पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट केला, केसभर कागदही पट्टीखाली जाऊ दिला नाही. कोन एकदा चुकला, पट्टी फेकून दुसरी घेतली. सत्तावीस वर्षांत मी एवढी सावकाश फ्रेम केली नाही.

शनिवारी संध्याकाळी ती घेऊन गेले. प्रणाली घरीच होती. सडपातळ, चष्मेवाली, हॉस्टेलच्या बादलीत कपडे कोंबत बसलेली. तिनं फ्रेम मांडीवर घेतली. मी तिच्या डोळ्यांकडं बघत होते. ते आधी टाकीवर गेले, मग छपरांवरून, मग धुराड्यांपाशी थांबले आणि मग उजवीकडं वळले. जोडाकडं तिनं पाहिलंही नाही.

"नाना, त्या दिवशी माझा पतंग कापला होता ना?"

"हो."

"मग दोरी ताठ कशी?"

"कापायच्या आधीची आहे," नाना म्हणाले.

तिनं फ्रेम उचलून भिंतीला टेकवली. मग नानांनी तिला सांगितलं, "फोनवर तू सगळं बरं आहे म्हणशील. महिन्यातून एक कागद पाठव. समोर दिसेल ते पेन्सिलीनं काढ." लहानपणी तिला पेन्सिल त्यांनीच धरायला शिकवली होती. पण नाना, तुम्हाला दिसणार कसं, असं ती म्हणाली. नानांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"या वाचून दाखवतील."

मी म्हटलं, अहो, मी फ्रेमवाली आहे, मला चित्रातलं काय कळतंय. कापण्याइतकं कळलं, आता वाचण्याइतकं कळू द्या, असं ते म्हणाले.

पहिला कागद दसऱ्यानंतर आला. मी गच्चीवर नानांसमोर बसून वाचला. हॉस्टेलची खिडकी, बाहेर एक झाड, पलीकडं इमारती. नाना एकेक विचारत गेले. सगळ्यात गडद काय आहे? खिडकीचे गज, प्रत्येक गज दोनदा काढलाय. क्षितिज कुठं आहे? फार वर, आभाळ बोटभरच उरलंय. रेघा लांब आहेत की तुटक? तुटक. खोडलंय? थोडं कमी करून सांगावंसं वाटलं, पण या माणसाच्या चित्रातलं कमी करायचा हक्क मी एकदा वापरून बसले होते. खोडून खोडून कागदाला लव आलीय, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नाना सुनेला घेऊन बडोद्याला गेले. पोरीला शिकवलेलं समजत नव्हतं. सगळं इंग्रजीतून, आणि ही महापालिकेच्या मराठी शाळेतून पुढं गेलेली. वर्गात हात वर करायची लाज वाटायची, आणि फोनवर मात्र सगळं बरं होतं. नानांनी तिला परत चल म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. दुपारभर तिच्याजवळ बसले. निघायच्या आधी तिनं स्वतःच वरच्या वर्गातल्या एका मुलीला गाठलं. ती मुलगी रोज संध्याकाळी तिला तासभर शब्द समजावून द्यायला तयार झाली.

तेव्हापासून महिन्याला एक कागद येतो आणि मी तो वाचते. सुरुवातीला मी नुसती वस्तूंची नावं घ्यायची, बाक, झाड, रुग्णवाहिका. नाना म्हणायचे, ते नको, हात कुठं थांबला ते सांगा. हळूहळू मला ते दिसायला लागलं. कुठं पेन्सिल टेकून राहिली, कुठं घाईनं सुटली, कुठली जागा मुद्दाम मोकळी ठेवली. दुकानातही फरक पडला. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, कड ठेवायची की कापायची? काहींना मी वेडी वाटते. एका बाईनं मात्र आपल्या वडिलांचा फोटो परत घेतला, नीट पाहिला आणि कडेला दिसणारा सायकलचा दांडा ठेवा म्हणाली. त्याआधीच्या वर्षांत माझ्या हातून कोण कोण रद्दीच्या पोत्यात गेलं असेल, हे मी फारसं आठवायला जात नाही.

नानांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मागच्या महिन्यात शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रणालीचा कागद आला. प्रत्येक वाचनानंतर तिला फोन लावायचा हा त्यांचा नेम, म्हणून मी पाकीट फोडायच्या आधीच त्यांनी फोन हातात घेतला होता.

हॉस्पिटलच्या गच्चीवरून काढलंय, मी सांगायला लागले. वाळत घातलेल्या चादरी, खाली आवार, लांबपर्यंत शहर. क्षितिज? खाली, कागदाच्या चौथ्या हिश्शावर. वर काय आहे? आभाळ, त्यात एक घारसुद्धा नाही.

"गडद काय?"

"झाडाचं खोड. खालून वर एका दमात ओढलंय."

"कुठं हात थांबलाय?"

मी कागद उजेडात धरून तिरका केला. चादरींच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत न उचलता गेल्या होत्या. खोडरबर कुठंच लागलं नव्हतं.

"कुठंच नाही," मी म्हणाले.

नानांनी फोन परत सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "तिला काम असेल."